निव्वळ वजन

९ मे, सकाळी ६.१०

११२.६.

काल ११२.६. परवा ११२.६. गेले अकरा दिवस हेच. काटा बंद पडला असेल म्हणून उतरून पाण्याची बादली ठेवून पाहिली. बादलीचं वजन नीट दाखवतो. माझ्यापाशी आला की अडतो.

आजपासून ही वही. डाएटिशियनबाईंना दाखवायची वही वेगळी. ती बाई वाचणार हे धरून लिहावी लागते. इथे खरं तेच लिहायचं.

नोंदीसाठी: ३० जानेवारीला पोटाचं ऑपरेशन. जठराच्या पिशवीचा मोठा भाग कापून काढला, उरला तो केळ्याएवढा. तेव्हा वजन १३८.४. एप्रिल संपेपर्यंत जवळपास सव्वीस किलो उतरले. दर आठवड्याला पट्ट्याला नवं भोक. आणि मग एकाएकी काम थंडावलं, वरून ऑर्डर आल्यासारखं.

२७ जूनला मेडिकल बोर्ड. तिथे ११० किंवा त्याखाली भरायचं. म्हणजे दोन किलो सहाशे ग्रॅम, आणि हातात सात आठवडे. सव्वीस घालवणाऱ्याला अडीच म्हणजे किस झाड की पत्ती.

१० मे, रात्री जेवणानंतर (जेवण: तीन चमचे अंडं, दोन चमचे दही)

बोर्ड कशासाठी ते लिहून ठेवतो. निश्चय डळमळला तर वाचता येईल.

मी वजनमापे निरीक्षक. सव्वीस वर्षं. दुकानातल्या तराजूपासून ट्रक तोलणाऱ्या भुईकाट्यापर्यंत सगळं तपासून शिक्का मारायचा, हे काम. भुईकाट्याखाली खड्डा असतो. खड्ड्यात उतरायला जमिनीत चौकोनी तोंड असतं. दीड वर्षापूर्वी अशाच एका तोंडात मी अडकलो. आत जाताना गेलो, बाहेर येताना नाही. अर्धा वर, अर्धा खाली, चाळीस मिनिटं. समोर नऊ ट्रक खोळंबलेले. ड्रायव्हर लोक खाली उतरून सल्ले देत होते. एकानं ग्रीस आणलं. शेवटी ग्रीसनंच निघालो.

साहेबांनी पत्र दिलं: वजन ११० होईपर्यंत बाहेरचं काम बंद. तेव्हापासून टेबल. माझी फिरती कनिष्ठ मॅडमकडे गेली. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर शिकाऊ म्हणून आल्या होत्या. चाळीस मिनिटं माझा हात धरून उकिडव्या बसल्या होत्या. सर, श्वास घ्या. सर, श्वास सोडा. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

१ जुलैला फिरतीची जागा कायमची भरणार. बोर्डात पास झालो तर माझी. नाही तर त्यांची, आणि मी निवृत्त होईपर्यंत टेबलावर. निवृत्तीला सहा वर्षं आहेत.

टेबलावर मी सहा वर्षं काढूच शकत नाही. भुईकाट्यावर माझी जीप वळली की मालक खुर्ची घेऊन धावायचे. टेबलावर मला कोण विचारतं? पंख्याचं बटणसुद्धा दुसऱ्याच्या हाताशी आहे.

१२ मे

काट्यावरचा संशय पक्का झाला. घरगुती काटा तो, त्याला ना शिक्का ना सर्टिफिकेट. आज पिशवीत घालून ऑफिसला नेला आणि सरकारी मानक वजनं लावली. वीसला वीस. साठला साठ. शंभरला शंभर पॉइंट शून्य.

शिपाईकाका म्हणाले, काटा तर सोन्यासारखा आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

निष्कर्ष: काटा बरोबर. म्हणजे दोष जमिनीत आहे.

१३ मे

पाणसळ घेऊन घरभर फिरलो. एकही खोली सपाट नाही. असल्या घरात आपण बारा वर्षं वजन करतोय.

हॉल ११२.६. स्वयंपाकघर ११२.६. गॅलरी ११२.५. बाथरूम, मोरीच्या बाजूला, ११२.४.

ही शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मी तिला पाणसळीतला बुडबुडा दाखवला. अंगण खरोखरच वाकडं असेल तर माणसानं काय बोलायचं? म्हणीत त्याची सोय नाही.

यापुढे बाथरूम हीच अधिकृत जागा. एका दिवसात दोनशे ग्रॅम कमी. सुरुवात चांगली झाली.

१५ मे

डाएटिशियनबाईंकडे. मी त्यांना मनात चमचाबाई म्हणतो, कारण जगातली प्रत्येक गोष्ट त्या चमच्यात मोजतात. म्हणाल्या, असं अडणं सगळ्यांचंच होतं. शरीर नव्या हिशेबाला सरावतं, मग पुन्हा उतरतं. आठवड्यातून एकदाच वजन करा. आधी प्रोटीन, मग बाकीचं. जेवताना पाणी नको. रोज चाळीस मिनिटं चाला.

आठवड्यातून एकदा! सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेल्या माणसाला सांगतायत, काट्याकडे बघू नका.

मग विचारलं, पातळ गोड काही पिता का? घट्ट अन्नानं ही एवढीशी पिशवी लगेच भरते, पण पातळ त्यातून नुसतं घसरत जातं, कितीही जातं. मी नाही म्हणालो. खोटं नाही बोललो. आइस्क्रीम मी पीत नाही, खातो. वितळल्यावर पितो, पण तेव्हा ते आइस्क्रीम राहत नाही.

१८ मे

साडू आले होते. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आमचं ऑपरेशन एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरकडे. त्यांचे एक्केचाळीस किलो गेले. माझ्याहून पंधरा किलो जास्त गेले, आणि सुरुवातीला ते माझ्याहून हलके होते. यात कुठेतरी गडबड आहे.

जुनी पँट बरोबर आणली होती. तिच्या एका पायात ते आणि मेहुणी दोघं उभी राहिली आणि हिला फोटो काढायला लावला. मी म्हणालो, कापड ताणलं जातं. कुणी हसलं नाही.

ते गेल्यावर चिडचिड. आइस्क्रीम. अर्थात वितळवून, म्हणजे पोटाला त्रास नको.

२१ मे, ऑफिस, दुपारी ३

टेबलावर आलेलं काम: बंद पाकिटांची तपासणी. पाकिटावर शंभर ग्रॅम छापलं तर आत शंभर भरतात का. पाकीट फोडायचं, माल काढायचा, रिकामं पाकीट वेगळं तोलायचं. आज बिस्किटांचे बारा नमुने.

अडचण अशी की फोडलेला नमुना दुकानदाराला परत करता येत नाही. रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात ‘नष्ट केले’ लिहून सही करावी लागते. कचऱ्यात टाकलं तर मुंग्या. शिपाईकाकांना शुगर आहे. मग उरतं कोण?

एका वेळी दोनच बिस्किटं, आणि चहात विरघळवून. सरकारी काम म्हणून खाल्लेलं आहारात धरायचं नसतं. प्रवासभत्त्याचं जेवण आपण घरखर्चात धरतो का?

२४ मे, सकाळी

११२.४. बाथरूममध्येसुद्धा.

पण आज डोक्यात उजेड पडला, तोही आंघोळ करताना. आपण रोज जे लिहितो ते ढोबळ वजन. खात्यात ढोबळ वजनाला कुणी विचारत नाही. दुधाच्या डब्यासकट दूध कोण तोलतं? आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, म्हणजे भांड्याएवढं वजन दुसऱ्या पारड्यात टाकून ते बाद करायचं. उरतं ते निव्वळ. कायदा निव्वळ ओळखतो.

वजावट: कपडे ०.६. चष्मा, घड्याळ, न निघणारी अंगठी ०.१. रात्रीचं पाणी ०.४. डॉक्टरांनी पोट शिवताना आत ठेवलेल्या बारीक पिना ०.१ (त्या डॉक्टरांच्या, माझ्या नाहीत).

ढोबळ ११२.४. निव्वळ १११.२. 

महिनाभरात इतका हलका झालो नव्हतो.

२९ मे

निव्वळ १११.२ वरच. आता निव्वळही अडलं. पण घाबरलो नाही.

जसजसं उंच जावं तसतसं वजन कमी होतं, हे शास्त्र आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. काटा घेऊन लिफ्टनं गच्चीवर गेलो. सहावा मजला. ११२.४. फरक पडला असणार, पण काट्याचा तेवढा आवाका नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, काही मदत करू का? मला काट्यावर उभा बघून त्यांना भलतंच काही वाटलं असावं, कारण संध्याकाळी त्या हिच्याकडे येऊन हळू आवाजात बोलून गेल्या. ही त्या रात्री माझ्याशी फार गोड वागली. मला कळेना का.

२ जून

आज वाईट वाटलं. सरळ लिहितो.

पाच आठवडे झाले. चार महिने मी चमच्यानं जेवतोय. सगळे जेवत असतात आणि मी तिसऱ्या चमच्याला थांबतो, कारण चौथा उलटून येतो. केस गळतायत. कातडी दंडाखाली वाळत घातल्यासारखी लोंबते. एवढं सगळं करून काटा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, ११२.४. रागानं काट्याला लाथ मारली. अंगठा सुजला.

सुजेचं वजन धरावं की वजा करावं? उद्या ठरवू.

३ जून

वजा केलं. ०.१.

५ जून

हिनं पँट आत घ्यायला मागितली. टेप लावली. कंबर गेल्या महिन्यापेक्षा दोन इंच कमी. ती खूष. मी म्हणालो, इंच हे लांबीचं माप आहे, आपला विषय वजनाचा.

तिनं टेप गुंडाळून ठेवली. म्हणाली, “अहो, तुम्ही अडकलात ते कंबरेनं. वजनानं नव्हे.”

बायकांना नियम समजत नाहीत. बोर्डाच्या पत्रात किलो लिहिलंय. इंचाचा शब्दही नाही.

दुपारी पापुद्र्याच्या क्रीम बिस्किटांचे आठ नमुने. नष्ट केले.

८ जून

साडू पुन्हा, या वेळी एकटे. गॅलरीत बसले. सांगू लागले की त्यांचंही मार्चमध्ये पाच आठवडे अडलं होतं. रोज रडू यायचं. मेहुणीनं काटा शेजारच्यांकडे नेऊन ठेवला. ते नुसते चालत राहिले, आणि सहाव्या आठवड्यात आपोआप उतरायला लागलं. मला म्हणाले, दादा, उद्यापासून माझ्याबरोबर चला.

यात त्यांचा डाव काय असावा? पाच आठवडे अडलं असतं तर त्यांनी मला दर आठवड्याला काट्याचे फोटो पाठवणं थांबवलं असतं. त्यांनी थांबवलं होतं का? आठवून पाहिलं. मार्चमध्ये एकही फोटो नाही. पण त्या वेळी माझा फोनच बिघडला होता बहुधा.

म्हणालो, गुडघा दुखतोय. दुखत नव्हता. ते गेल्यावर दुखायला लागला.

११ जून, ऑफिस

कनिष्ठ मॅडम फिरतीवरून आल्या, बूट ग्रीसनं माखलेले. माझं नमुन्यांचं रजिस्टर चाळत होत्या. म्हणाल्या, सर, तीन आठवड्यांत एकशे चार पाकिटं नष्ट? मी म्हणालो, मॅडम, ग्राहकहित.  त्या म्हणाल्या की कृषी कॉलेजच्या गोशाळेत फोडलेले नमुने घेतात, परिपत्रक आहे, पुढच्या वेळी त्या स्वतः नेऊन देतील.

कुणाला काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. साहेबांकडे चहाडी केली असती तर मला निदान चिडता तरी आलं असतं.

१२ जून

वजावटीचा तक्ता मोठा होत चाललाय, म्हणून आज तो नीट मांडला. सर्वांत महत्त्वाची भर: लोंबती कातडी. आतला माल गेला, पाकीट राहिलं. पाकिटाचं वजन मालात धरायचं नाही हे पाकीटबंद मालाच्या नियमांत स्पष्ट आहे. अंदाजे तीन किलो. हाडं मात्र धरली. हाडं माझीच आहेत.

ढोबळ ११२.२. निव्वळ १०७.६.

बोर्ड आजच पास.

तक्ता हिला दाखवला. तिनं शेवटपर्यंत वाचला, दोन्ही पानं. मग मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“वजन आहे तिथेच आहे. वजावट तेवढी वाढतेय.”

मग म्हणाली की चार महिने ती माझ्यासमोर पोटभर जेवलेली नाही. मला त्रास नको म्हणून ती स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते. मला हे माहीत होतं का?

नव्हतं. मला वाटायचं तिची भूक कमी झालीय. साथ म्हणून.

१३ जून

गोशाळेला छत्तीस पाकिटं गेली. संध्याकाळी चाललो. वीस मिनिटं. हिला सांगितलं, तू टेबलावर बसून जेव. ती बसली. मी तिच्या ताटाकडे बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

१७ जून

१११.६!

चार दिवसांत सहाशे ग्रॅम. कारण उघड आहे: निव्वळ पद्धत. शरीराला कळलं की आता कडक तपासणी चालू आहे.

ही म्हणाली, चालणं आणि बिस्किटं बंद. असेल, त्याचाही थोडा हात असेल.

२१ जून

१११.१. रोज चालतो. साडूंबरोबर. ते बोलत नाहीत हे बरं आहे. आज पायात गोळे आले तेव्हा त्यांनी खांद्याला आधार दिला. त्यांचा खांदा अगदी हाडाचा लागतो. हेवा वाटला. लिहायला हरकत नाही.

२४ जून

११०.८. तीन दिवस उरले. ढोबळसुद्धा आता हाताशी आलंय, पण आपण ढोबळवर अवलंबून नाही. निव्वळ १०५.९, आणि सूज, पाणी, हवा धरून १०४ म्हणायला हरकत नाही. हा तक्ता बोर्डाला जोडपत्र म्हणून द्यायचा. ऑफिसात तीन प्रतींत टाइप करून घेतला. प्रत्येक पानावर सही.

२६ जून

रात्री पाणी बंद. सकाळी बाथरूम ११०.६. उद्याचे कपडे काढून ठेवले: सर्वांत पातळ शर्ट. हिनं त्याची बटणं तपासली. मी म्हणालो, बटणं काढता येतील का? तिनं मला झोपायला पाठवलं.

२७ जून, संध्याकाळी ५

क्रमानं लिहितो.

साडेदहाला बोर्डाच्या खोलीत. एक टेबल, एक पडदा, भिंतीशी प्लॅटफॉर्मचा काटा. डॉक्टर वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. म्हणाले, चपला काढा, चढा. मी वाकून काट्याच्या बाजूला पाहिलं. ही माझी सवय आहे. लोक नवीन घरात गेल्यावर देव्हारा कुठे आहे बघतात, मी शिक्का बघतो.

शिक्क्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलेली.

मी चढलो नाही. दोन महिने काट्यांनी माझा छळ मांडलाय, आणि हा तर बेकायदेशीर काटा! डॉक्टर म्हणाले, गेलं वर्षभर सगळ्यांचं वजन इथेच झालं, कुणी तक्रार केली नाही. मी म्हणालो, आजवर मी आलो नव्हतो. तिथेच उभ्यानं लेखी तक्रार दिली आणि ऑफिसला फोन केला.

तासाभरात कनिष्ठ मॅडम आल्या. शिपाईकाका आणि त्यांनी मिळून वीस-वीसची पाच मानक वजनं आत आणली. एकेक चढवली. मी मागे उभा. वीसला एकोणीस आठशे. साठला एकोणसाठ चारशे. शंभरला नव्याण्णव शून्य.

काटा कमी दाखवत होता. शंभराला एक किलो कमी.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर फोनवर होते. मॅडम जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, “सर, दुरुस्तीवाला यायला अर्धा तास आहे. तोवर तुमचं करून घ्या. काट्याचं मी नंतर बघते.”

मला समजलं त्या काय म्हणत होत्या. त्या श्वास घ्या म्हणाल्या होत्या त्याच आवाजात म्हणत होत्या.

मी म्हणालो, “आधी काटा. मग माणूस.”

 शिपाईकाका माझ्याकडे बघतच राहिले.

दुरुस्तीवाला आला. काटा उघडला, जुळवला, बंद केला. मॅडमनी पुन्हा वजनं लावली. शंभरला शंभर. शिक्का मारला, तारीख घातली. आता काटा निर्दोष. चपला काढल्या, चष्मा काढला, खिशातला रुमाल काढला. चढलो.

११०.४.

 मी मनात गुणाकार केला. तो मला येतो, तेच माझं काम. जुन्या काट्यावर एकशे नऊ किलो तीनशे ग्रॅम झाले असते.

जोडपत्र पुढे केलं. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोन्ही पानं वाचली. लोंबत्या कातडीपाशी थांबले. म्हणाले, “ही कातडी तुमच्याबरोबर खड्ड्यात उतरणार, की वर थांबणार?”

मग ११०.४ लिहिलं. चारशे ग्रॅमसाठी पुन्हा बोलावता येईल का विचारलं. म्हणाले, पुढचा आढावा वर्षानं, आणि जागा तर १ जुलैलाच भरतेय.

जिन्यावर मॅडम वजनं उतरवत होत्या. सॉरी सर म्हणाल्या. मी म्हणालो, काम चोख झालं. आवाज बरोबर लागला नाही.

२८ जून

हिला सांगितलं, प्रामाणिकपणा नडला. साडूंना सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. शिपाईकाका गावभर सांगत सुटलेत की मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, पण खोटा काटा चालू दिला नाही. चहाच्या टपरीवर मला बघून माणूस उठून उभा राहिला.

ऐकायला बरं वाटतं. दिवसभर ऐकलं.

३० जून, पहाटे

झोप नाही. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

ते तत्त्व नव्हतं. मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या मनात तत्त्व आलंच नाही. मनात आलं होतं की मला कशाला हवी असली मदत, माझं निव्वळ एकशे चार आहे. खऱ्या काट्यावर सगळ्यांना दाखवू. मला खरंच तसं वाटलं होतं. तक्ता मीच लिहिला, आणि कुठल्या दिवशी कोण जाणे, मलाच खरा वाटायला लागला. सव्वीस वर्षं दुकानदारांना पकडलं. त्यांना निदान माहीत असायचं की आपण काट्याखाली काय चिकटवलंय.

रात्री हिला हे सांगितलं.  ती म्हणाली की एकशे अडतीसचे एकशे दहा झालेत, ते तरी खरे आहेत ना. आणि उद्या चालायला लवकर उठायचंय.

२ जुलै, ऑफिस

जागेची ऑर्डर लागली. कनिष्ठ मॅडम आता नुसत्या मॅडम. सकाळी जीप त्यांना घेऊन गेली. मी खिडकीतून पाहिलं नाही. आवाजावरून कळलं.

टेबलावर पहिली फाइल आली. बोर्डाच्या काट्याची. बाहेरच्या अधिकाऱ्यानं तपासायचं आणि टेबलावरच्या अधिकाऱ्यानं प्रकरण बंद करायचं, असा नियम आहे. सगळे रकाने मॅडमनी स्वच्छ अक्षरात भरलेत. दोष: शंभर किलोमागे एक किलो कमी. दुरुस्ती: झाली. तक्रारदाराच्या रकान्यात माझं नाव, हुद्द्यासकट.

एकच रकाना मोकळा ठेवलाय, तो टेबलानं भरायचा असतो. तक्रारदाराचे समाधान झाले काय?

दुपारपर्यंत फाइल पुढ्यात ठेवली. मग ‘होय’ लिहिलं आणि सही केली.